आबांनी न घेतलेला पापा

सातव्या महिन्यात आबा मला न्यायला आले ते भाड्याची गाडी घेऊन. पारोळ्याजवळच्या आमच्या गावाहून धुळ्याला यायला एसटी आहे, पण लेकीला पहिल्या बाळंतपणाला एसटीतून न्यायचं त्यांना पटलं नव्हतं. आई मी कॉलेजात असतानाच गेली, म्हणून माहेरची तयारी त्यांनी एकट्यानेच केली होती. मधल्या खोलीला चुना दिला होता, डिंक आणि मेथ्या आणून काकूच्या ताब्यात दिल्या होत्या.

"चाल बेटा, तुले लेवाले उनू. बठ्ठी तयारी शे," ते दारातूनच म्हणाले.

मी नाही म्हणाले. डॉक्टर इथल्या आहेत, इथेच राहिलेलं बरं, असं काहीतरी सांगितलं. आबांनी चहा घेतला आणि रिकामी गाडी घेऊन परत गेले.

डॉक्टरांचं कारण खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला हर्पीस झाला होता, आणि तोही चारचौघांत नाव घेता येणार नाही अशा जागी. तो नवऱ्याकडून आला. त्याला लग्नाआधी एकदा फोड उठले होते, उष्णतेचे असतील म्हणून त्याने सोडून दिलं होतं. कळल्यावर तो माझ्यासमोर रडला, आणि रडून झाल्यावर म्हणाला, "तुझ्या घरी सांगू नकोस." मीही मोठी शहाणी, शब्द देऊन बसले. आता माहेरी गेले असते तर गोळ्या कुठे लपवणार होते? आबांच्या घरात कपाटाला कुलूप नावाची गोष्टच नाही.

डॉक्टरबाई मात्र सरळ बोलायच्या. "हे पाप नाही, विषाणू आहे. कितीतरी जणांना असतो, कोणी सांगत नाही एवढंच." छत्तिसाव्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत दिवसातून तीनदा गोळी घ्यायची, म्हणजे ऐन वेळी फोड उठून बाळाला लागण होण्याची भीती कमी. ती गोळी बाळाला बाधत नाही. कळा सुरू झाल्या की त्या तपासणार होत्या. फोड किंवा नुसती चुणचुण जरी असली तरी सिझेरियन, नाहीतर नेहमीसारखं बाळंतपण. "आणि हे बघ, ज्याच्या ओठावर ताप फुटलाय त्याला बाळाचा पापा घेऊ द्यायचा नाही. तो याचाच भाऊबंद, तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. फोड झाकून, हात धुऊन मांडीवर घेतलं तर चालतं."

मी एकही गोळी चुकवली नाही. सासूबाईंना रक्तवाढीच्या आहेत म्हणून सांगितलं होतं. "दिवसातून तीनदा रक्त वाढवतेस, तरी पांढरीफटक," त्या म्हणायच्या, आणि मी त्यांच्याबरोबर हसायचे.

मुलगी झाली. एकही फोड नव्हता, टाके सोडले तर सगळं सुखरूप. तीन किलोचं ते गाठोडं कुशीत घेऊन मी खूप रडले. आपण जिंकलो, असं वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी आबा आले. आदल्या आठवड्यात त्यांना ताप येऊन गेला होता आणि ओठाच्या कोपऱ्यात फोडांचा झुबका होता, वरून खपली धरलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी नातीला उचललं आणि तिच्या कपाळाकडे तोंड नेलं.

"आबा, नका! ठेवा तिला खाली!"

मी ओरडले. टाके ओढले गेले तरी उठून मी बाळ त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावलं. खोलीत सासरची चार माणसं होती. आबांनी स्वतःचे तळहात उलटेपालटे करून पाहिले. "मातीना हात शेतस," ते सासूबाईंकडे बघून हसत म्हणाले, जणू माफी मागावी तसं.

त्यांना वाटलं, शहरात राहणाऱ्या लेकीला बाप घाणेरडा वाटतो. हे मला त्याच क्षणी कळलं, ही माझी शिक्षा. "आबा, तुमच्या ओठावर आहे ना, तसलंच मलाही आहे, म्हणून घाबरले," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग कुठे आहे, कोणाकडून आलं, हे विचारलं गेलं असतं. मी बाळाला दुपट्यात गुंडाळत राहिले. दुपारच्या एसटीने ते गेले.

त्यानंतर आबा यायचे, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. नात रांगत जवळ आली की रुमाल तोंडाला लावायचे. ओठ कधीच बरा झाला होता, पोरगी चालायला, बोलायला लागली होती. "आबा, आता काही होत नाही, घ्या ना तिला," मी म्हणायचे. "असू दे," ते म्हणायचे. पारोळ्याच्या एसटीत बसून त्या दिवशी न बोललेलं ते वाक्य मी कितीदा तरी मनात जुळवलं असेल. गाव आलं की पुन्हा गिळून टाकायचे.

ती पाच वर्षांची झाली तेव्हा आबा खरोखरच आजारी पडले. धुळ्याला आणलं, पण डॉक्टरांनी दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. आमच्याच घरी पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली. एका सकाळी मी औषध घेऊन गेले तर पोरगी खाटेवर चढून त्यांच्या गालाकडे वाकली होती. आबांनी सगळं बळ लावून मान भिंतीकडे वळवली.

"नको बेटा," ते म्हणाले, "तुनी मायले चालत नही."

ते रागाने बोलले नव्हते. माझ्या घरातला एक नियम ते मनापासून पाळत होते. खोलीत आम्ही तिघंच होतो, नवरा कामावर गेला होता. विचारणारं कोणी नव्हतं.

मी म्हणाले, "आबा, औषध घ्या."

ते आणखी चार दिवस होते.