शुभांगीची पेन्शन आणि दुसरा मजला

पॅकिंगच्या कामात हात गुंतलेले असतात, तोंड मात्र मोकळं असतं. त्यामुळे वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात स्विचच्या खोक्यांबरोबर किस्सेही साठत जातात. खोकी निदान टेम्पो घेऊन जातो. किस्से राहतात, आणि त्यातले निम्मे शुभांगीचे असतात.

शुभांगीला लहानपणी पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. अपंगांची सरकारी पेन्शन मिळते, त्यात आईची औषधं भागतात. पण कमाई मर्यादेच्या वर गेली की पेन्शन बंद. म्हणून ती आमच्याकडे अर्धाच दिवस, नगावर काम करायची.

*

एकदा रिक्षांचा संप होता. मी डोंबिवलीची, ठाणे स्टेशनला अडकले. शुभांगीला फोन केला, तर ही बाई बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर घेऊन मला न्यायला हजर. तीन हात नाक्याला हवालदाराने अडवलं.

"ताई, गाडी अपंगांची ना? मग मागे या कोण?"

"हिला चालायचा कंटाळा आहे, साहेब. मला नाही."

त्याने सोडलं.

*

आमचा दिनेश कोलशेतचा कोळी. जन्मापासून ऐकू येत नाही. त्याचीही पेन्शन आहे, पण ती मधूनच महिनोन्महिने गायब होते. मग हा पहाटे खाडीच्या चिखलात उतरतो, चिंबोऱ्या पकडतो आणि आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर कामावर येतो. सोबत खेकड्यांची पिशवी. आम्ही बायका विकत घेऊन ती दुपारपर्यंत रिकामी करतो. मला तर नुसतं ऐकूनच थकायला होतं.

आमचे शेठ पक्के शाकाहारी. गाळ्यात शिरताच नाकाला रुमाल लावतात. "याची पेन्शन अजून आली नाय काय?" एकदा वैतागून त्यांनी स्वतःच बँकेत फोन लावला होता.

*

पेन्शन चालू ठेवायला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे ऑफिसात जाऊन दाखवावं लागतं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी सोबत गेलेले. शेजारणीने शुभांगीला सल्ला दिलेला, जुनी साडी नेस, जरा गरीब दिस. ही लिपस्टिक लावून आली. "पाय गेलाय, हौस नाही गेली."

जिना मात्र ती बसून चढली, एकेक पायरी, कुबडी माझ्या हातात. बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. वर टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "जिन्याने आलात? मग चालता येतं की."

"आले ना. आता उतरताना बघायला चला."

ते काही उठले नाहीत. शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला.

*

दिवाळीनंतर शेठनी तिला लाइन इन्चार्ज करायचं ठरवलं. पूर्ण दिवस, महिन्याचा पगार, म्हणजे पेन्शन बंद. शेठनी तोडगा काढला, "कागदावर कमी दाखवू, बाकी हातात देईन."

"आणि माझा पीएफ कमी जमेल तो कोण भरून देणार, शेठ? वहिनी?"

शेठ हसले, पण घाम पुसत. मी तिला बाजूला घेतलं. "अगं, उद्या गाळा बंद पडला तर? पेन्शन थोडी का असेना, जन्माची आहे."

"मला काय भीती नाही वाटत? झोप उडालीय माझी. पण मुद्दाम कमी काम किती वर्षं करू?"



*

मग पेन्शन बंद करायला आम्ही पुन्हा त्याच ऑफिसात. लिफ्ट बंदच. ती तशीच बसून वर चढली. तेच साहेब.

"बंद करायचीय?" त्यांनी मान वर केली. "त्यासाठी माणूस गेल्यावर घरचे येतात."

"घरी आई आहे. तिला जिना चढवत नाही. म्हणून मीच आले."

"नोकरी गेली तर?"

"परत येईन. हाच जिना चढून."

साहेबांनी सही केली, पेन खिशाला लावलं. आम्ही निघालो. जिन्यापाशी खाली बसण्यासाठी शुभांगीने कुबडी माझ्याकडे दिली, तेवढ्यात मागे चपला वाजल्या. साहेबांनी माझ्या हातातली कुबडी स्वतःकडे घेतली.

"चला," ते म्हणाले, "उतरताना बघायचं राहिलंय."