कंपनीतून आला होता तसा

मुलांनो,

आजोबांच्या कॉम्प्युटरचं काय झालं ते मी आत्ताच लिहून ठेवते आहे, कारण आजोबा समोर खुर्चीत बसले आहेत आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवता येतं. चूक असेल तर ते मान हलवतात. पुढे कधीतरी लिहायचं ठरवलं, तर तुम्हाला माझ्या एकटीच्या आठवणीवर विसंबावं लागेल.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही काहीही विचारलं की ते 'हो' किंवा 'नाही' म्हणतात. अर्धांगवायूनंतर त्यांच्याजवळ एवढे दोनच शब्द राहिले. त्यातला 'नाही' जास्त वापरात आहे. चहा घेता का म्हटलं की नाही म्हणतात आणि चहा घेतात. पंखा लावू का म्हटलं की नाही म्हणतात, आणि लावला नाही तर पंख्याकडे बघत बसतात. त्यामुळे त्यांचा 'नाही' मी मनावर घेणं सोडून दिलं होतं.

आधी ते पुष्कळ बोलत. तुम्ही तिकडे जन्मलात. माझं शाळेतलं मराठी तुम्हाला समजतं, पण इकडचं, आमच्या सौंसरचं त्यांचं बोलणं समजणार नाही, याची त्यांना काळजी होती. म्हणून संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना ते कॉम्प्युटरसमोर बसून तुमच्यासाठी बोलत आणि ते रेकॉर्ड करून ठेवत. विहीर खणताना काय निघालं, संत्र्याच्या झाडाचं पाणी कधी तोडायचं आणि कधी द्यायचं, मी लग्नानंतर पहिली भाकर कशी केली आणि ती घरच्यांनी कशी आवडीने खाल्ली. तुम्ही मोठे झालात की सगळं एकदम पाठवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. कॉम्प्युटर त्यांना मीच शिकवला. त्यात सी आणि डी असे दोन कप्पे होते. सी मध्ये रोजचं काम चाले. डी मध्ये कंपनीने मूळ सॉफ्टवेअर ठेवलेलं होतं, मशीन बिघडलं तर ते कारखान्यातून आलं होतं तसं करता यावं म्हणून. डी उघडला की इंग्रजीत सूचना येई. तिचा अर्थ मी त्यांना नीट सांगितला: इथल्या कशाला हात लावायचा नाही आणि इथे काही ठेवायचंही नाही.

"कोनीच हात नाही लावत?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"बरं," ते म्हणाले.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्यानंतर कॉम्प्युटर सुरू होईना. काळ्या पडद्यावर दोन ओळी येत आणि तो तिथेच थांबे. तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं, भंगारात द्या, मी नवीन घेऊन देतो. मी म्हटलं, नवीन अवश्य दे, पण आवाज यात आहे. त्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठेच नव्हती, आणि ज्यांचा आवाज होता त्यांना ते पुन्हा बोलता येणार नव्हतं. मग बाबा म्हणाले, पांढुर्ण्याला दाखवा.

मी गाडी ठरवली. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला. आजोबांना न्यायचं नव्हतं, पण बाहेर येऊन पाहते तर ते पुढच्या सीटवर बसलेले. उतरता का विचारलं. नाही म्हणाले. हा 'नाही' खरा निघाला.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथे झेरॉक्सची दुकानं पुष्कळ झाली आहेत. त्यातल्या एकात कॉम्प्युटर दुरुस्तही होतात. दुकानदार पन्नाशीचे गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवलेला.

"सिस्टम खराब होऊन गेली काकू," ते म्हणाले. "फॅक्टरी रीस्टोर मारून देतो. कंपनीतून आला होता तसा होऊन जाते. पण मग जुनं काहीच राहत नाही."

मी म्हटलं, आधी आवाज काढा. त्यांनी आतली डिस्क सोडवून आपल्या मशीनला जोडली आणि रेकॉर्डिंग जिथे असायला हवी होती तिथे, सी मध्ये, पाहिलं. तुमच्या बाबांचा बायोडेटा होता, तीन प्रतींमध्ये. कोणाच्या तरी मुंजीचे फोटो होते. रेकॉर्डिंग नव्हती.

"काही नाही यात काकू."

"पुन्हा पाहा."

त्यांनी पुन्हा पाहिलं. मी पर्समधून कापड काढून चष्मा पुसला. मग म्हटलं, करा.

"नाही," आजोबा म्हणाले.

"काकाजी नाही म्हणून राहिले," दुकानदार म्हणाले.

"ते चहालाही नाही म्हणतात," मी सांगितलं.

त्यांनी डिस्क परत आमच्या मशीनमध्ये बसवली आणि रीस्टोरचं बटण दाबलं. मशीनने थोडा वेळ घेतला आणि कळवलं की मूळ सॉफ्टवेअर सापडत नाही.

"कंपनीचा मालच गायब आहे," दुकानदार म्हणाले. "हे कोनं उडवलं?"

"हो," आजोबा म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. आता एकच उपाय आहे, दुकानदार म्हणाले, अख्खी डिस्क साफ करायची आणि त्यांच्याकडची सिस्टम टाकायची. त्यासाठी त्यांनी डिस्क पुन्हा आपल्या मशीनला जोडली. तेवढ्यात आजोबा काठी टेकत उठले, टेबलापाशी गेले आणि डावा हात माउसवर ठेवला.

"काकाजी, बसा ना. मी करून राहिलो."

"नाही."

"करू द्या त्यांना," मी म्हटलं.

डाव्या हाताने माउस चालवायची त्यांना सवय नव्हती. बाण आधी सी वर गेला, मग पडद्याच्या बाहेर, मग डी वर. डी उघडला. इंग्रजीतली सूचना आली. त्यांनी ती बंद केली. खाली 'न्यू फोल्डर' होता. त्याच्या आत रेकॉर्डिंगच्या फाईली होत्या, वरपासून खालपर्यंत. त्यांनी एक दाबली आणि दुकानाच्या स्पीकरमधून मोठ्याने आवाज आला.

"चालू झालं वाटते. हां, तं पोट्टेहो, तुमची आजी म्हणते डीले हात लावू नको. मास्तरीण आहे, तिले सांगाची सवय आहे. आता मले सांगा, खायाचे दाणे अन् बियाणं एका खोलीत ठेवते का कोनी? सी मंदी दिवसभर सारे घुसून राहिले. तुमचा बाप सुट्टीत आला की घुसते, तुमची आजी घुसते. डी मंदी कोनी जात नाही. म्हणून मी बियाणं तिकडं ठेवलं. जागा कमी पडली, तं कंपनीचा थोडा माल पडून होता, तो काढून फेकला. इतक्या वर्षांत न्यायले तं कोनी आलं नाही."

मार्कशीटची झेरॉक्स घ्यायला आलेल्या एका बाईने विचारलं, "हे कोन बोलून राहिले?"

मी आजोबांकडे हात केला.

"काकाजी, तुम्ही तं लय बोलता," ती म्हणाली.

"नाही," आजोबा म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

दुकानदारांनी सगळ्या फाईली दोन पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. मग फक्त सी साफ केला आणि त्यात आपली सिस्टम टाकली. "कंपनीतून आला होता तसा काही झाला नाही काकू," ते म्हणाले. "आता कधीच नाही होत." मी म्हटलं, चालेल. परतताना आजोबा वाटेतल्या तिगावच्या आधीच झोपले.

हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकाच ठिकाणी मान हलवली, भाकरीच्या जागी. माझ्या मते तिथे माझंच बरोबर आहे, म्हणून ते तसंच ठेवलं आहे.

रेकॉर्डिंग तुमच्या बाबांकडे पाठवली आहेत. एक पेनड्राइव्ह माझ्या कपाटात आहे, दुसरा आजोबांच्या उशीजवळ. मी सगळी रेकॉर्डिंग ऐकली. संत्र्याच्या रोपांबद्दल सांगताना मागे माझ्या कुकरची शिट्टी झाली आहे आणि त्यात एक वाक्य बुडालं आहे. काय म्हणाला होतात ते मी आजोबांना विचारलं, पण त्याला हो किंवा नाही असं उत्तर नाही. ते एक वाक्य सोडून बाकी सगळं शाबूत आहे.