काकांनी आज जुना लेथ पळवला

दोस्तांनो, दुपारपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

निघालेलो ठाकुर्लीला, पण शहाडला मित्राच्या, नितीनच्या, शेडवर चहाला थांबलो आणि तिथेच रमलो. शेडमध्ये त्याच्या बाबांचा, म्हणजे आमच्या काकांचा, धातू कातायचा जुना लेथ आहे. त्याचा फिरता दांडा, स्पिंडल, बॉल बेअरिंगवर नाही, गनमेटलच्या बुशमध्ये, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या नळीत फिरतो.

नितीन म्हणाला, "बाबा, हा स्लो आहे. भंगारात देऊया."

"आज पळवून दाखवतो. पळाला तर परत भंगाराचं नाव काढायचं नाहीस."

फिनिशिंग चांगलं यावं म्हणून काकांनी बुश आणखी आवळला आणि बेल्ट वरच्या स्पीडला टाकला. मी विचारलं, "काका, तापणार नाही ना?"

"तू आधी एका नोकरीत टिकून दाखव रे!"

थोडा वेळ मस्त चालला. मग जळक्या तेलाचा वास आला, कर्कश आवाज झाला आणि स्पिंडल जागीच जाम झाला.

सावकाश चालताना टाइट बुश चालून जातो. स्पीडला तो तापतो, आणि तेलाला जागाच उरत नाही. काकांनी हा लेथ कधी पळवलाच नव्हता.

नितीन चिडलासुद्धा नाही. हळूच म्हणाला, "बाबा, नवा बुश बनवून घेऊ."

काका म्हणाले, "आजवरचे सगळे बुश मी ह्याच्यावरच कातले रे, आणि आज हाच बंद. आता कोणाच्या दारात जाऊ?"

कल्याण-शहाडकडे कोणी त्यांना तासभर आपल्या लेथवर उभं राहू देईल का? बुश ते स्वतःच बनवतील.