आत्या, माती आणि आमची अब्रू

माझ्या आत्यापासून अब्रू वाचवू शकलेला एकही माणूस आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात सापडायचा नाही. लोकांच्या आत्या सणाला येतात आणि साडी-चोळी घेऊन जातात. आमची आत्या येते आणि आमचीच एखादी फजिती घेऊन जाते. महिन्याभरात ती फजिती भाजून, झिलई चढवून, कप नाहीतर वाडगा होऊन नाहूरच्या तिच्या घरातल्या शोकेसमध्ये उभी असते. तीसेक वर्षं प्रसूतिगृहात नर्सची नोकरी करून ती निवृत्त झाली, आणि बोटं आखडू नयेत म्हणून डॉक्टरांनी तिला माती मळायला सांगितली. ती मुलुंडच्या एका क्लासला जाऊ लागली. बोटांचं काय झालं ते ठाऊक नाही, आमची मात्र वाट लागली.

चाक तिला मुळीच पसंत नाही. "गरागरा फिरवून काय होतंय? मातीलाच चक्कर येत असेल," म्हणत ती मातीच्या वळ्या हातानेच एकावर एक रचते आणि बाहेरून बोटभर माणसं चिकटवते. लग्नात नवऱ्याला घास भरवताना मला शिंक आली होती. ती शिंक आता माझ्या चहाच्या कपावर कायमची आहे, आणि नवऱ्याचा चेहरासुद्धा अगदी हुबेहूब. काम करताना ती मातीशी प्रसूतिगृहातल्याच भाषेत बोलते : "घाबरू नको गं. थोडा जोर लाव. हां, झालंच बघ!" कच्ची भांडी भाजायला क्लासच्या भट्टीत न्यावी लागतात. एकदा मीही सोबत होते. तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला रांजण, आणि रिक्षा खड्ड्यांतून सुसाट. आत्या ओरडली, "ए भाऊ, हळू घे ना! पोटाला चीर गेली तर सगळी मेहनत पाण्यात!" रिक्षावाल्याने वळून त्रेसष्ट वर्षांच्या आत्याकडे, मग त्या चादरीकडे पाहिलं, आणि रिक्षा थेट एका दवाखान्यासमोर नेऊन उभी केली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते बाबांची पाळी येईपर्यंत. बाबा तिचे धाकटे भाऊ. ऑफिसातल्या स्वतःच्या निरोप समारंभासाठी त्यांनी पंधरा दिवस भाषण पाठ केलं होतं. प्रत्यक्षात ते तीनदा "मान्यवर" म्हणाले, पाणी प्यायले आणि खाली बसले. आत्याने त्या प्रसंगाचा एक झकास पाण्याचा जग केला. क्लासच्या प्रदर्शनात तो बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याला दिसला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर फिरू लागला. बाबांनी आत्याला फोन केला. "आक्का, तुला जन्मभर लोकांचंच दिसलं. स्वतःचं केलंस कधी एक तरी भांडं?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि पुढे दीड वर्ष तिच्याशी बोलले नाहीत. ती घाटकोपरला आमच्याकडे आली की ते चपला घालून गच्चीवर जायचे. आत्या माझ्याशी, आईशी बोलायची. पण अर्धं लक्ष जिन्याकडे.

मग एका रविवारी ती वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. बाबा उठलेच होते. "बस रे बाळू. पाच मिनिटं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी पहिल्यांदाच ऐकला, आणि बहुतेक बाबांनीही. ते बसले.

आत एक बुटकं मडकं होतं. त्याच्या पोटावर घासलेटची रांग होती, आणि रांगेत हातात डबा घेतलेला सहा वर्षांचा मुलगा. मडकं जरा फिरवलं की दुसऱ्या बाजूला दोन वेण्यांची मुलगी, आकाशपाळण्यात, वरच्या टोकाला. आणखी फिरवलं की दुकान बंद झालेलं, रांग संपलेली, मुलगा तसाच उभा. शेवटी मुलाची आई त्याला बडवते आहे आणि दोन वेण्यांची मुलगी दारामागे.

"तुला रांगेत उभं करून मी जत्रेला पळाले होते," आत्या म्हणाली. "आणि आईला सांगितलं, हाच खेळायला गेला म्हणून घासलेट मिळालं नाही. तू काहीच बोलला नाहीस. आईला सांगायचं राहूनच गेलं रे. तो मार माझा होता."

बाबांनी मडकं हातात घेऊन दोनदा फिरवलं.

"माझी चड्डी निळी होती," ते म्हणाले.

"निळाच लावला होता. भट्टीत उडाला."

"आणि मी इतका रडत नव्हतो."

"रडत होतास!"

"नव्हतो गं, आक्का!"

अर्धा तास दोघं भांडत होती. मी आत जाऊन चहा टाकला. दीड वर्षात बाबांचा आवाज इतका चढलेला ऐकला नव्हता, आणि तो ऐकून आईचे डोळे का भरून आले ते मला विचारावं लागलं नाही.

आता आत्याची बोटं खरोखरच आखडू लागली आहेत, त्यामुळे दर रविवारी बाबा नाहूरला जाऊन तिची माती मळून देतात. सध्या दोघं मिळून त्यांच्या आईचा चेहरा घडवताहेत. तिचा एकही फोटो कुणाकडे नाही. आत्या म्हणते नाक बसकं होतं, बाबा म्हणतात छे, सरळ होतं. ती बसवते, ते सरळ करतात. दिवस मावळला की दोघं त्या चेहऱ्यावर ओलं फडकं टाकतात, माती वाळू नये म्हणून, आणि बाबा दारातून सांगतात, "पुढच्या रविवारी बघू."