बशीवाल्याकडचे रविवार

मी पुनावळ्याचा. आमच्याकडे मासा म्हणजे पवनेच्या डोहात पोरं पंचानं धरायची ती बोटाएवढी मासळी. तीसुद्धा मळ्यातच भाजून खायची, चांगली खळखळून चूळ भरायची आणि मग घराकडे वळायचं. आईच्या गळ्यात माळ होती. मटण शिजायचं ते जत्रेला, मळ्यातल्या चुलीवर, बाप्यांच्या हातचं. आईच्या चुलीपाशी कधी साधं अंडं गेलं नाही. अशा घरातला मी तेविसाव्या वर्षी स्पेनमधल्या तऱ्हेनं समुद्राचे मासे खायला शिकलो, असं सांगितलं की नातवंडं खो-खो हसतात. हसू द्या. त्यांनी ते हॉटेल पाहिलं नाही, नशीब त्यांचं फुटकं.

हॉटेल कसलं, पत्र्याची शेड होती. पिंपरीत मुंबई रस्त्याच्या कडेला, आमच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. कारखाना नुकता उभा राहिला होता आणि मी तिथं लेथवर होतो. शेडीच्या मालकाला सगळे चाचा म्हणायचे. रत्नागिरीकडचा मुसलमान, साठीला आलेला, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी. तरुणपणी त्याची बोट स्पेनच्या एका बंदरात बिघडून पाच-सहा महिने पडून राहिली. बाकीचे खलाशी पत्ते कुटत बसले. हा पठ्ठ्या धक्क्यावरच्या एका खानावळीत भांडी घासायला लागला आणि बघता बघता चुलीपर्यंत पोचला.

तिथली माणसं म्हणे ताट घेऊन जेवायला बसतच नाहीत. पेल्यात माशी पडू नये म्हणून वर झाकणासारखी बशी ठेवायची, आणि बशीत काहीतरी दोन घास. कधी कोळंबी, कधी तळलेली तारली. दोन घास खायचे, चार गोष्टी बोलायच्या, की दुसरी बशी. चाचानं ही तऱ्हा डोक्यात साठवून आणली आणि म्हातारपणी पिंपरीच्या माळावर मांडली. तिकडे पेल्यात दारू असायची. आपल्याकडे दारूबंदी, त्यात चाचा पाच वेळचा नमाजी, म्हणून पेल्यात कोकमाचं सरबत. लोकांनी त्याचं नावच पाडलं, बशीवाला.

रविवारी पहाटेच्या पॅसेंजरनं मुंबईहून चिंचवड स्टेशनवर बर्फात घातलेल्या माशांची पाटी उतरायची. चाचा स्वतः जायचा आणि फलाटावरच उकिडवा बसून एकेका माशाचा कल्ला उचलून बघायचा. एखादा जरा नरम वाटला की तो तिथल्या मांजरांना. एकदा अर्धी पाटी मांजरांना घालून तो रिकाम्या हातानं परत आला, आणि शेड बंद ठेवली. दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाची त्यानं हात जोडून माफी मागितली. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पण मी तिथं गेलो तो चाचासाठी नव्हे, एका मुलीपायी गेलो. खोटं कशाला बोलू?

आमच्या खात्याचे मिस्त्री मालवणकडचे. बायको-मुलीसह चिंचवडला राहायचे. एकदा निरोप द्यायला त्यांच्या घरी गेलो तर मुलगी पायरीवर बसून बांगडे साफ करत होती. वास आला तसा माझा हात आपसूक नाकाकडे गेला. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "नाक दाबायचं असेल तर गल्लीत उभं राहा. इथं आमचं जेवण आहे." बास! मी तिथंच खलास. त्या दिवसापासून लेथवर काय कापतोय याचं भान उरलं नाही, दोन जॉब वाया घालवले.

जात आमची एकच, पण मध्ये सगळा घाट. कोकणातली माणसं देशावर मुलगी द्यायला तेव्हा दहादा विचार करायची. लेथवरच्या माझ्या जोडीदारानं मिस्त्रींच्या कानावर घातलं तेव्हा मिस्त्री हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. मला बोलावून म्हणाले, "मी शिमग्याला गावी जाऊन येतो. आलो की रविवारी बशीवाल्याकडे जेवायला ये. बघू."

इकडे आईनं आपलं सांगून टाकलं. "पोरगी कोकणातली असंल तर असू दे. लेकीवानी नांदवीन. पन मासळी उंबऱ्याच्या आत येनार न्हाई." ते मी त्या वेळी कानाआड केलं. माझ्या डोक्यात एकच, की मिस्त्री मला मासे खाताना बघणार आणि त्यावर मुलगी द्यायची की नाही ते ठरवणार. हातात सात रविवार होते.

पहिल्या रविवारी चाचापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी तेव्हा तालमीतला गडी होतो, मान बैलाची. "बस," म्हणाला. पेला आला, पेल्यावर बशी. कोळंबी होती. लसणीचे पातळ काप आणि लाल मिरची तेलात सोडायची, तेल कढलं की कोळंबी टाकायची आणि ती गुलाबी होऊन जरा वळली रे वळली की खाली. तिकडे कसलं तरी फळाचं तेल घालतात म्हणे, चाचा आपलं घाण्यावरचं शेंगतेल घालायचा. बशी समोर आली तरी तेल चुरचुरत होतं. खडकीच्या बेकरीचा पाव त्यात बुडवून पहिला घास घेतला आणि अहाहा, काय सांगू! मटणाच्या नादात तेवीस वर्षं फुकट घालवली असं वाटलं.

पुढची बशी माकुळीची, म्हणजे समुद्रातल्या बिनकाट्याच्या, लांब सोंडांच्या जिवाची. पांढऱ्या गोल चकत्या. मी लेथवरचा माणूस, मला त्या सरळ सरळ वॉशर दिसल्या. तसं म्हणालो तर चाचा चिडला. "वॉशर कारखान्यात. ही माकूळ आहे. जरा जास्त शिजली की रबर होते. माझी कधी झाली नाही. खा." खाल्ली. दातानं तोडायला जावं तोवर ती आपणहून तुटली. मी मुकाट्यानं कानाला हात लावला.

काट्याच्या माशाशी गाठ पडली तिथं मात्र फजिती झाली. दुसऱ्या रविवारी चाचानं बांगड्याचं आंबट-तिखट कालवण दिलं. मी आपली घरच्यासारखी भाकरी मागवली, कालवणात कुस्करली, वरून बांगडाही कुस्करला, आणि मटणाचा रस्सा ओरपतात तसा भुरका मारला. पुढं काय झालं ते विचारू नका. चाचानं पाठीत बुक्का घातला, सुक्या भाताचे गोळे गिळायला लावले. काटा उतरला तेव्हा माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. चाचानं बशी उचलून माझ्या नाकासमोर धरली. "अल्लानं हे एवढे काटे एका ओळीत लावून दिले, आणि तू त्याची चटणी केलीस?"

मग त्यानं शिकवायला घेतलं. आधी नुसतं बघायचं. मधला काटा कुठून कुठं गेलाय ते बोटानं चाचपायचं. वरची बाजू अलगद सोडवायची, काटा शेपटीकडून उचलायचा, तो अख्खा यायला हवा. तोडगा एकच, घाई नाही. तोंडात मासा असताना बोलायचं नाही, आणि दोन बशांच्या मध्ये बोलल्याशिवाय राहायचं नाही. जीभ एखाद्या जुन्या कारागिराच्या बोटासारखी फिरायला पाहिजे, असं तो म्हणायचा. मीही जिद्दीला पेटलो. पाचव्या रविवारी तारलीचा सांगाडा डोक्यासकट असा काही काढला की चाचानं तो बाजूच्या दोन टेबलांवर फिरवून दाखवला. मला कुस्ती मारल्याचा आनंद झाला.

नुसतं माशाचंच नव्हे हो. त्या शेडीत मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश जेवलो. आमच्याकडे जेवण म्हणजे उरकायचं काम. इथं पंजाबी ड्रायव्हर, कॅम्पातले सिंधी दुकानदार, आमचे फिटर, सगळे एका बाकावर. एक बशी संपली की दुसरी यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात शेजाऱ्याचं गाव, त्याची पोरं, त्याचं दुखणं, सगळं कळायचं. चाचा मुद्दामच वेळ लावायचा, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

शिमगा झाला. मिस्त्री आले. ठरल्या रविवारी मी धुतलेला लेंगा-सदरा घालून शेडीत पोचलो तर कोपऱ्यातल्या बायकांसाठीच्या जागेवर पडदा ओढलेला, आणि पडद्याखाली दोन जोडी चपला. मिस्त्री बायको-मुलीला घेऊन आले होते!

बशा येत गेल्या. मी एकेक काटा असा काढला, असा काढला, की मागं चाचा आनंदानं पळी आपटत होता. मिस्त्री बघत होते. शेवटी त्यांनी हात थांबवला.

"खातोस छान. कुणी शिकवलं ते दिसतंय." चाचा एकदम कढईत तोंड घालून बसला. "पण तू खातोस की नाही हे बघायला मी तुला बोलावलं नव्हतं रे. माझ्या मुलीचा माशाशिवाय एक दिवस जात नाही. मला एवढंच सांग, तुझ्या घरात मासा शिजेल?"

सात रविवार मी चुकीच्या परीक्षेचा अभ्यास केला होता. 'हो' म्हणायला काय लागत होतं? लग्न झाल्यावर कोण परत नेतंय! ओठांवर आलं होतं, खरंच सांगतो. पण चाचा माझ्याकडे बघत होता. माफी मागून दारातून गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस. त्याच्या बशीपुढं बसून मला खोटं बोलवेना.

"न्हाई शिजणार," मी म्हणालो. "आईच्या गळ्यात माळ हाय. ती न्हाई म्हणाली, आन मी तिला नेम मोडायला लावणार न्हाई."

मिस्त्रींनी बशी पुढं सरकवली. "मग झालं तर," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. "बाबा, दर रविवारी इथं आणतील का, विचारा."

मिस्त्री जागच्या जागी वळले. "काय बोलतेस? घरंदाज बाईमाणसानं दर रविवारी खानावळीत बसायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, मासे खाल्ले."

बाजूचा सिंधी दुकानदार फसकन हसला. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. "ऐकलंस? आणशील? चोरून-मारून नव्हे. आईसमोर, गावासमोर, दर रविवारी. नीट विचार करून बोल."

"आणीन," मी म्हणालो. विचार कसला करतोय!

लग्न झालं. आईनं बोलल्याप्रमाणे सुनेला लेकीसारखं घरात घेतलं. पण शब्द देताना छाती काढून बोलणारा मी, पहिला रविवार उजाडला तशी माझी तंतरली. आमच्या घरासमोरच्याच मारुतीच्या पारावर रविवारी निम्मा गाव बसायचा. नवी नवरी सायकलवर बसून, खानावळीत, आणि तेही मासे खायला! आईला तर मी काही बोललोच नव्हतो. सकाळी हळूच सायकल मागच्या दारी नेली आणि बायकोला खुणेनं बोलावलं. ती आली, पण चेहरा पडला होता. तो चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी सायकल पुढं ढकलत राहिलो.

"मागल्या दारानं कुठं रं?" गोठ्यातून आई बाहेर आली, हात शेणानं भरलेले.

"हिच्या माहेरी."

"खोटं बोलतुयास. विहीणबाईंनी मला हळदीच्या दिशीच समदं सांगितलंय. शबूद तू दिलास, आन तोंड हिनं लपवायचं व्हय?" आईचा आवाज चढला. "माज्या घरची सून हाय ती. पळवून आणल्याली न्हाई. म्होरल्या दारानं न्हे."

मला आईच्या डोळ्याला डोळा देता येईना. सायकल तशीच उलटी फिरवली, घरातून पुढच्या दारी आणली. बायको मागं कॅरिअरवर बसली. पारापाशी पोचलो तशा सगळ्या माना वळल्या, आणि माझ्या चुलत्यानं आडवं होऊन विचारलंच, "काय राव, सकाळच्या पारी जोडीनं कुठं?"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मागून तिचा खणखणीत आवाज आला, "मासे खायला!"

चुलत्याचा आ वासला. दोघा-तिघांचं हसू ओठांवर आलं होतं, ते त्यांनी तिथंच गिळलं. मी मागं वळून पाहिलं. शेणानं भरलेले हात कमरेवर ठेवून आई पुढच्या दारात उभी होती, कोण हसतंय ते बघत.