पोटरीवर दोन चापट्या

कान बघून लोक मला ओळखतात. तोंड विसरतील, कान नाही विसरत. दोन्ही फुटलेत, मिटलेत, आत हेडफोनसुद्धा नीट बसत नाही. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत कुठेही रिक्षात बसलो की रिक्षावाला आरशातून कानाकडे बघतो आणि विचारतो, तो घुटन्याचा व्हिडिओ तुमचाच ना? मी हो म्हणतो. मग सिग्नलला थांबला की तो फोन काढून मलाच माझी कुस्ती दाखवतो. मी बाहेर बघत बसतो.

व्हिडिओ एका मिनिटाचाही नाही. खाली एक पैलवान हातापायांवर ओणवा, वर मी. घुटना डाव म्हणजे हेच, माझा गुडघा त्याच्या मानेवर येतो, हात त्याच्या लंगोटात जातो, मी जोर लावतो आणि तो उलटा होऊन चितपट पडतो. शिट्ट्या, हलगी, मला खांद्यावर उचललेलं, तिथे संपलं. खाली पडलेला तो माणूस नंतर उठला नाही, ते व्हिडिओत नाही. तो माझा दाजी, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. हे पुष्कळांना माहीत आहे. पण पडण्याआधी त्याने मला सोडायची खूण केलेली आणि मला ती कळलेली, हे सहा वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःला ते आठवतं की नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ताईला कळलं तर बहीण तुटेल, एवढं मात्र पक्कं माहीत होतं.

ती खूण आधी सांगतो. तालमीत सराव करताना दम कोंडला, मान पिळली, तर खालच्याने वरच्याच्या अंगावर दोन चापट्या मारायच्या. वरच्याने त्याच क्षणी सोडायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. जाहीर मैदानात कुणी असं करत नाही, तिथे ती शरण गेल्याची खूण होईल. तालमीत मात्र दुसरा कुठला नियम एकवेळ मोडेल, हा नाही. आमच्या घरी तर तो नियम तालमीच्याही आधी आला. वडील साताऱ्याकडचे पैलवान, इकडे येऊन माथाडीचं काम केलं. घरात दोनच पोरं, ताई आणि मी. दुपारी गादी टाकून आम्ही झोंबायचो. ताई दोन वर्षांनी मोठी आणि तोंडाने दहा. तिने चापट्या मारल्या की मी सोडायचो, आणि सुटल्या सुटल्या ती मला धपाटा घालायची. लबाड होती एक नंबरची.

दाजी तालमीतला माझा जोडीदार. रोज पहाटे त्याच्याशी खेळून मी घडलो. ताकद माझी जास्त, डोकं त्याचं. त्याचं लग्न ताईशी मीच जमवलं. लग्नानंतर आईने दटावलं म्हणून घरात मी त्याला अहो-जाहो करायला लागलो, तालमीत अरे-तुरेच. तो मला पैलवान म्हणायचा, अजून तेच म्हणतो.

कल्याणच्या पलीकडे एका गावाच्या जत्रेत त्या दिवसाची शेवटची, मोठी कुस्ती माझी ठरलेली. समोरचा पैलवान आलाच नाही. लोक दुपारपासून उन्हात बसलेले. पंच कमिटीवाल्यांची नजर दाजीवर गेली, तो माझ्याबरोबर नुसता आलेला. एका तालमीतले दोघं आपसात जाहीर कुस्ती धरत नाहीत, त्यात हे दाजी-मेव्हणे. मी सरळ नाही म्हणालो. पण कमिटीवाले हात जोडायला लागले आणि दाजी विरघळला. म्हणाला, वीस मिनिटं खेळू, मग पंच बरोबरीत सोडवतील, लोकांचं मन राहील. आम्ही हातावर हात मारला.

पंधरा मिनिटं छान खेळलो. तेवढ्यात गर्दीतून एकजण ओरडला, घरचीच कुस्ती आहे रे, नुरा आहे, ठरवून खेळतायत. लोक खदाखदा हसले. आता गंमत अशी की तो खरंच बोलत होता. पण माझं डोकं असं आहे की खरं बोललेलं जास्त झोंबतं. लहानपणापासून मला कुणी हसलं की मला पुढचं दिसत नाही. बायको म्हणते, तुझा राग म्हणजे कुकर, शिट्टी झाल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी शिट्टीसुद्धा झाली नाही.

दाजी खाली गेला. तो विश्वासाने खाली गेलेला, पाच मिनिटं काढायला. मी त्याच्या मानेवर गुडघा ठेवला. सुरुवातीला त्याला वाटलं असेल की मी देखावा करतोय. मग मी वजन टाकलं. त्याचा श्वास घरघरला. माझा दुसरा पाय त्याच्या डोक्याशी मातीत रोवलेला होता, माझ्या त्या पायाच्या पोटरीवर त्याचा हात आला. एक. दोन. स्वच्छ. वर्षानुवर्षं जशा मारल्या तशा. कॅमेरा पलीकडच्या बाजूला होता, म्हणून व्हिडिओत तो हात दिसत नाही. मी शंभर वेळा बघितलाय, नाही दिसत.

कळलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. लोक म्हणतात, त्या धुंदीत काही कळत नाही. मला कळलं. मनात आलं, अजून थोडं, होईल. इतकंच मनात आलं, खोटं कशाला सांगू. आणि मी त्याला उलटवला.

मानेतला मणका सरकून नस दबलेली. ऑपरेशन झालं. उजवा हात वाळत गेला, उजवा पाय ओढत चालतो. इस्पितळात तिसऱ्या दिवशी तो नीट बोलायला लागला तेव्हा ताईने पहिला प्रश्न तोच विचारला, हात का नाही मारलात? तो छताकडे बघत म्हणाला, वाटलं निघेन, रग नडली, मारलाच नाही. मी तिथे पायाशी उभा होतो. मला सुटल्यासारखं झालं. लाज वाटते सांगायला, पण आधी सुटल्यासारखंच झालं. वाटलं, ह्याला आठवत नाहीये.

मग व्हिडिओ फोनाफोनांत पसरला आणि माझे दिवस आले. कल्याणच्या नाक्यावर माझे बॅनर लागले. खेळाडू कोट्यातून नोकरी लागली. टेंभी नाक्याच्या हंडीला स्टेजवर खुर्ची, शाळांमध्ये भाषणं, जिमच्या उद्घाटनाला फीत कापायला मी. शाली इतक्या जमल्या की बायकोने वाटून टाकल्या. ती डोंबिवलीतल्या जुन्या, शिकल्यासवरल्या घरातली, बँकेत अधिकारी आहे. पैलवान जावई म्हटल्यावर सासूबाईंना घाम फुटलेला, आता त्याच शेजारणींना व्हिडिओ दाखवतात. बायको मात्र एकदा म्हणाली, तो व्हिडिओ कुणी लावला की तू जेवत नाहीस, काय आहे त्यात? मी एवढा ओरडलो तिच्यावर की तिने परत विचारलं नाही.

दाजी कोळशेतच्या एका सोसायटीत सिक्युरिटीच्या केबिनमध्ये कॅमेऱ्यांसमोर बसतो. घर दिव्यात, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. पाणी खाली येतं, तेही मोजून तासभर. म्हणून दर रविवारी मी शीळ फाट्यावरून स्कूटर काढायचो आणि आठवड्याचं पाणी भरायला जायचो. दोन हातांत दोन कॅन, तीन जिने, पंधरा-वीस खेपा. ताई शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, माझा भाऊ आहे म्हणून चाललंय माझं. आई-वडील गेल्यावर तिला माहेर असं मीच उरलेलो. मी घाम पुसत हसायचो. त्या खेपांनी काही फिटत नव्हतं, मला ते समजत होतं.

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका मंडळाने माझा सत्कार ठरवला. मोठा पडदा लावून कुस्ती दाखवायची आणि दाजीच्या हातून मला शाल द्यायची, त्यांना ती कल्पना फार आवडलेली. मी त्यांना टाळत होतो, तर त्यांनी थेट ताईलाच फोन केला. ताई हरखली. दाजी नाही म्हणाला. आठवडाभर ह्यावरून घरात धुसफूस चाललेली, ती मला रविवारी गेल्यावर कळली.

मी शेवटची खेप घेऊन वर आलो. मोरीत ताईने कट्ट्यावर ठेवलेल्या कॅनमधून ड्रमात नळी सोडलेली. दाजी कॉटवर, टीव्हीचा आवाज बंद. ताई माझ्याकडे वळून त्याच्या तक्रारी सांगायला लागली. एवढा मान मिळतोय भावाला, आणि हे तोंड पाडून बसलेत. हरले त्याचा राग अजून जात नाही. मी म्हटलं, ताई जाऊ दे, मीच नको म्हणतोय. तर ती आणखी चिडली. म्हणाली, तू कशाला कमीपणा घेतोस. मग ती त्याच्याकडे फिरली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. इतक्या वेळा बोलून झालेलं ती बोलत होती.

"दोन चापट्या मारल्या असत्या ना तुम्ही, तर आज तुमचा हात धड असता. ह्याने सोडलं असतं. लहानपणी मी हजार वेळा मारल्यात, एकदासुद्धा ह्याने धरून ठेवलं नाही. तुमच्या मिजाशीने माझा संसार बुडवला."

दाजी तिच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. आणि त्याने मान हलवली, अगदी थोडी, जेवढी त्याला हलवता येते तेवढी. नको.

म्हणजे त्याला आठवत होतं. पहिल्या दिवसापासून सगळं आठवत होतं. इस्पितळात छताकडे बघत तो खोटं बोललेला, आणि सहा वर्षं हे असलं ऐकत बसलेला, माझ्यासमोर, मी पाणी भरत असताना. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणावर चिडलो होतो देव जाणे. त्याच्यावरसुद्धा चिडलो.

"मारल्या होत्या त्यांनी, ताई," मी म्हणालो. "दोन. मला कळल्या होत्या. मी सोडलं नाही."

ताई हसायला निघालेली, ती मध्येच थांबली. तिने दाजीला विचारलं, खरंय? दाजी म्हणाला, आधी नळी काढ, ड्रम भरला. ती मोरीत गेली, नळी काढली, कॅनला झाकण लावलं, पदराला हात पुसत परत आली आणि तेच विचारलं. त्याने डोळे खाली घातले. मग ती कॉटजवळ खाली बसली. त्याचा वाळलेला हात तिने मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून सरळ करत राहिली. म्हणाली, सहा वर्षं मी तुम्हाला काय काय बोलले. परत तेच म्हणाली. रडली नाही. मी दोन पावलांवर उभा होतो, तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

मी ताई म्हणून हाक मारली. ती त्याच्या हाताकडे बघतच म्हणाली, तू जा आता. मी म्हटलं, ऐक तरी. ती म्हणाली, पुढच्या रविवारी येऊ नकोस, मी टँकरवाल्याला सांगेन. एखाद्या पेपरवाल्याला पेपर बंद कर सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली.

मी चपला हातात घेऊनच उतरलो. खाली स्कूटरपाशी आलो, किल्ली लावली. वर पाय ओढल्याचा आवाज आला. एक पायरी, थांबा, एक पायरी. दाजी तीन जिने उतरून येत होता. मला वाटलं, माफ करायला येतोय. खरंच तसं वाटलं मला. अर्ध्या वाटेत वर जाऊन त्याला धरावं असंही वाटलं, पण पाय उचलला नाही.

तो कठड्याला टेकून दम घेत उभा राहिला. एवढा रागावलेला मी त्याला मैदानातही कधी बघितला नव्हता.

"कशाला बोललास?"

मी म्हटलं, सहन होत नव्हतं.

"तुला होत नव्हतं. मला होत होतं ना? माझं मी बघत होतो." तो पुन्हा थांबला. त्याला एका दमात बोलता येत नाही. "हात गेला तो गेला. म्हटलं, तिचा भाऊ तरी राहू दे. ती मला शिव्या घालायची आणि रविवारी तुझी वाट बघायची. सहा वर्षं मी तिच्यासाठी तुला सांभाळला, पैलवान. तू तोसुद्धा घेऊन गेलास."

तो वळला आणि डाव्या हाताने कठडा धरून वर चढायला लागला. तिसऱ्या मजल्यावरचं दार बंद झाल्याचं ऐकेपर्यंत मी खालीच उभा होतो.