पेला आधी कुणी प्यायचा

आमच्या गावात रामहरीतात्यानं चहा पुढं केला की घेणारा आधी तात्याच्या तोंडाकडं बघतो. मग म्हणतो, "तुमी घ्या आधी." दोघंही हसतात. पण तात्याचा पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत समोरचा खरंच थांबतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

कारण तात्या एकवीस वर्षांपासून राजाला विष पाजतोय.

पोखर्णीच्या नरसिंहाची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या गावात राजाचं नाटक असतं. पहिल्या अंकात राजाचा धाकटा भाऊ राजाला भारी शाल पांघरवतो, पाया पडतो, गोड बोलतो. दुसऱ्यात पेल्यातून विष देतो आणि गादी बळकावतो. तिसऱ्यात राजपुत्र सूड उगवतो, आणि पडदा पडताना स्टेजवर जिवंत असा फक्त पेटीवाला उरतो. राजा म्हणजे दत्तराव, तात्याचा सख्खा थोरला भाऊ. राजपुत्र सध्या मी. परभणीला बी.ए. केलं आणि उंची बरी आहे, एवढ्या भांडवलावर.

तात्या बावन्न वर्षांचा. माणूस असा, की दुसऱ्याची शेळी पिकात शिरली तरी "चल बाई, चल घरी" म्हणत हाकलणार. पण स्टेजवर त्याची ती एक भुवई वर गेली की बायका पदर तोंडाला लावतात. पोरगी पिंकी, तिचं जमवताना राणीसावरगावचे पाहुणे नेमके नाटकाच्या दिवशी आले. जाताना निरोप ठेवून गेले: पोरगी पसंत हाय, पण पुढचं बोलणं थोरल्या भावासंगं करू. मग लग्न ठरवलं राजानं, आणि बाप मांडवात पाण्याचे जार उचलत फिरला.

तर यंदाची गोष्ट.

दोघा भावांचा बाप दोन वर्षांखाली गेला. नऊ एकर रान. वारसांची नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं चढली: दत्तराव, रामहरी आणि पूर्ण्याला दिलेली बहीण, नर्मदाबाई, म्हणजे तात्याची अक्का. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, तो वारला. पोटी लेकरू नाही. पूर्ण्याला भाड्याच्या एका खोलीत ती राहते. या तीन एकरांशिवाय तिच्या नावावर फक्त रेशनकार्ड आहे.

आमच्याकडं बहिणीचा हिस्सा सोडवून घ्यायची एक ठरलेली रीत आहे. बहिणीला माहेरी आणायचं, साडीचोळी करायची, पुरणावर तूप जरा जास्त ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. बहिणीही देतात. माहेर तुटू नये म्हणून. मागितल्यावर, समजून देतात, म्हणून त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. दत्तरावांनी मात्र मागायचंच टाळलं.

तालमीला बसलो होतो तेव्हा तात्या माझ्या कानाशी आला. "दादानं अक्कासाठी साडी घेतली. बघितलीस का?"

"न्हाई. का?"

"लय भारी हाय."

"मग चांगलंच की."

"आरं, एकवीस वर्षं शाल पांघरवून विष देतो मी. भारी वस्तू कवा देत्यात ते मला नको सांगू."

मी हसलो. तात्या हसला नाही. दत्तरावांनी अक्काला आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आणायला सांगितले होते. कशाला, तर पीकविम्याला.

"वैशाखात?" मी विचारलं.

"तेच म्हणतो मी! इमा भरायचा आषाढात. आत्ता रानात ढेकळं हायती. ढेकळाचा इमा उतरवतोय का दादा?"

तात्यानं त्याच दिवशी अक्काला फोन लावला. मी शेजारीच होतो, आणि तिचा आवाज असा खणखणीत की स्पीकर लावायची गरज नव्हती.

"अक्का, सही करताना जरा जपून. कागद वाचून घे."

"कुणापासनं जपून?"

"दादापासनं."

पलीकडं ती खळाळून हसली. "राम्या, नाटक आलं की तुज्या अंगात येतं बग. दादा बापासारखा हाय माझा. तूच कायतरी शिजवायलास."

एवढ्यावर थांबती तर ठीक. पण तिनं ही गंमत म्हणून दत्तरावांना सांगितली. तेव्हापासून तालमीचं वातावरण बदललं. राजा भावाला मिठी मारायचा ती हात लांब ठेवून. दत्तराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "रामहरीवर नजर ठेव. त्याच्या मनात काय चाललंय, कळंना." मी मान हलवली. तात्यालाही हलवली होती. राजपुत्राला दोन्हीकडं मान हलवावी लागते.

नाटकाच्या दिवशी, ऊन उतरल्यावर पहिली घंटा झाली. रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो, म्हणून आता आमचा राजा दिवसाउजेडीच मरतो. अक्का बायकांत पुढं बसलेली, नवी साडी नेसून. खरंच लय भारी होती.

दुसरा अंक. पेल्यात लाल सरबत असतं, आणि ते करून आणतात तात्याच्या घरून. तात्यानं भुवई वर करून पेला पुढं धरला. "महाराज, थकलात. घ्यावं."

इथं राजानं पेला घ्यायचा, "बंधो, तुझ्या हातचं विषही गोड" म्हणायचं आणि गटागट प्यायचं.

दत्तरावांनी पेला घेतला. आत बघितलं. वास घेतला. घामानं कपाळावरचा टिळा ओघळला होता. विंगेतून मला स्पष्ट दिसत होतं, माणूस खरोखर भ्यायलेला. विषाला नसेल, पण भर स्टेजवर धोतर सांभाळत पळायला लावणारं औषध गावात कुठल्याही दुकानात मिळतं.

"आधी तू पी," राजा म्हणाला.

पेटीवाल्याचा सूर तुटला. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. लोकांना वाटलं, यंदा नवीन काहीतरी बसवलंय.

तात्याची भुवई खाली आली. तो हळूच म्हणाला, पण माईक गळ्याशीच होता. "दादा, सरबतच हाय."

"मग पी की."

तात्यानं पेला घेतला आणि सगळा पिला. पालथा करून दाखवला. टाळ्या पडल्या. आणि मग त्याच्या ध्यानात आलं असावं की विष आता आपल्या पोटात आहे. इलाज नव्हता. तो छाती धरून कोसळला, आणि एकवीस वर्षं दुसऱ्याचं मरण बघितलेल्या माणसानं स्वतःचं मरण असं रंगवलं की दोन म्हाताऱ्या रडल्या. राजा तसाच उभा. जिवंत. तिसऱ्या अंकात मी तलवार घेऊन आलो तर सूड घ्यायला कुणी शिल्लकच नव्हतं. मी राजाला नमस्कार केला आणि परत आत गेलो.

सगळे हसत होते. अक्का तेवढी हसत नव्हती. राजा न विचारता पितो, हे ती एकवीस वर्षं बघत आली होती.

सकाळी परभणीला जायला जीप उभी. दत्तराव म्हणाले, "चल नर्मदे, इम्याचं काम उरकून येऊ."

अक्कानं पायरीवरच बसकण मारली. "कागद दाव."

"तिथं गेल्यावर बघ की."

"इथंच दाव."

दत्तरावांनी पिशवी काखेत दाबली. तेवढ्यात त्यांचीच नात सृष्टी, बारावीची, आतून आली. "आबा, द्या, मी वाचते." पोरीला आबाचा शब्द खरा करून दाखवायचा होता. तिनं कागद काढला, मोठ्यानं वाचला. "हक्कसोडपत्र." खालची दोन्ही भावांची नावं तिनं पुटपुटत वाचली आणि कागद अक्काच्या हातात दिला.

जीपवाल्यानं इंजिन बंद केलं.

"दादा," अक्का म्हणाली, "मागितलं असतंस तर दिलं असतं रं. काल तू पेला हुंगलास, तवाच मला शंका आली. ज्याच्या मनात काय नसतं, त्यानं कशाला हुंगावं?"

दत्तराव म्हणाले, "तुज्याच भल्याचं..." आणि रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

"साडी ठेवून घेते. सही न्हाई."

मग ती तात्याकडं वळली. आता शाबासकी मिळणार, असं त्याला वाटलं असावं, कारण तो जरा ताठ उभा राहिला.

"आन् तुजा काय डाव हाय यात?"

"माजा? अक्का, त्या कागदात माझंबी नाव होतं. तू सही केली असतीस तर मला दीड एकर जास्त मिळत होतं."

"म्हणूनच इचारते."

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. खरं सांगायचं तर मलाही तेच विचारायचं होतं.

अक्काचं नाव सातबाऱ्यावर राहिलं. दत्तराव दोघांशीही बोलत नाहीत. तिचे तीन एकर यंदा तात्याच कसतो, पण तिची अट आहे की रोज फोटो पाठवायचा. परवा मी रानाकडून जात होतो तर तात्या सोयाबीनमध्ये फोन धरून उभा. फोनमधून आवाज येत होता, "ह्यो कोपरा कालचाच हाय. पलीकडचा दाव."

"बघ," तात्या मला म्हणाला, "आजून इश्वास न्हाई." आणि चपला हातात घेऊन, चिखल तुडवत पलीकडच्या कोपऱ्याकडं निघाला.